सरकीचा रकाना

चालता चालता ते डाव्या खिशातून एक चिंचोका काढायचे आणि उजव्या खिशात टाकायचे. बोलणं सुरू असलं तरी हात आपलं काम करत असायचा. पाहणाऱ्याला वाटे, म्हातारा काहीतरी तोंडात टाकतो आहे. मलाही पहिल्या दिवशी तसंच वाटलं आणि मी वहीत लिहून ठेवलं : ‘कामावर असताना खाऊ नये, सर्वांना सांगणे.’

ते खात नव्हते, मोजत होते. शंभर पावलं झाली की एक चिंचोका.

काही वर्षांपूर्वी अकोल्यात शहर बसचे नवे मार्ग ठरायचे होते, त्यासाठी एक सर्वेक्षण झालं. काम एका खाजगी संस्थेकडे होतं आणि पर्यवेक्षक मी. राहायला अमरावतीत, सकाळच्या गाडीने अकोला, संध्याकाळी परत. कोणत्या वस्तीला बस जवळ आहे आणि कोणत्या वस्तीला नाही, याची यादी आम्हाला करून द्यायची होती. ज्या वस्तीपुढे ‘सोय नाही’ लिहिलं जाईल, तिथे बस आत नेण्याचा विचार होणार होता. ‘सोय आहे’ लिहिलं की त्या वस्तीचा विषय संपला.

याद्या करणं हा माझा धंदा आहे, आणि घरचे म्हणतात, आजारही. किराण्याची यादी, औषधांची यादी, कोणाला फोन करायचे त्यांची यादी. झालेल्या कामावर रेघ मारली की मला बरं वाटतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्याचा याच्याशी संबंध आहे.

पहिल्या दिवशी चौदा सर्वेक्षकांना मी काम समजावलं. भिंतीवर नकाशा लावला होता. प्रत्येक स्टॉपभोवती पाचशे मीटरचं वर्तुळ. घर वर्तुळाच्या आत असेल तर सोय आहे, बाहेर असेल तर सोय नाही. वस्तीत जाऊन घरं मोजायची, माणसांशी बोलायचं, फॉर्म भरायचा. सगळं दहा मिनिटांत सांगून झालं. मागच्या खुर्चीवरून एक गृहस्थ उठले. सगळ्यांत वयस्कर, पांढरा सदरा, दोन्ही खिसे फुगलेले.

“मॅडम, चालून पाह्यलं का?”

“काय?”

“हे गोल. चालून पाह्यलं का कोनं?”

“वर्तुळात चालायचं नसतं, काकाजी. ते नकाशावर असतं.”

“हो का,” असं म्हणून ते खाली बसले. बाकीचे हसले. मीही हसले.

ते मूळचे बार्शीटाकळीकडचे. तीस वर्षं मोजणी खात्यात साखळी धरली. लोकांच्या शेतांच्या हद्दी, बांध, वाटण्या, भाऊबंदकीची भांडणं, सगळ्यांच्या मधून त्यांची साखळी गेली होती. स्वतःच्या नावावर मात्र एक सरीसुद्धा नव्हती, हे ते हसत सांगायचे. निवृत्तीनंतर अकोल्यातच राहिले. “घरी बसून पाय आखडून राह्यले होते, म्हनून आलो,” असं त्यांनी मला सांगितलं. रोज सकाळी हॉलमध्ये शिरताना “जय भीम, मॅडम” म्हणायचे, सही करायचे, आणि खिशातले चिंचोके मोजून डावीकडे भरायचे. हे त्यांचं हजेरीपुस्तक.

जेवणाच्या सुट्टीत एकदा मीच विषय काढला. म्हटलं, वर्तुळाबद्दल तुमची काय तक्रार आहे?

“तक्रार नाही. पन मॅडम, वावरात मंधात विहीर आली तं साखळी काठाकाठानं न्या लागते. तुमचं गोल विहिरीवरून उडून राह्यलं.”

“ढोबळमानाने चालतं, काकाजी. सगळं शहर पायी कोण मोजणार?”

“ते बी खरं,” ते म्हणाले आणि डब्यातली अर्धी भाकर माझ्या झाकणात ठेवली. वाद मिटवायची त्यांची ही पद्धत होती. वाद मिटायचा, त्यांचं म्हणणं तिथेच राहायचं.

चौथ्या दिवशी तक्रार आली. एका वस्तीतून फोन : तुमचा एक माणूस आमच्या बाईच्या मागं मागं चालून राहिला. मी ऑटो करून गेले. रस्त्याच्या कडेला सत्तरीच्या एक बाई, हातात भरलेली पिशवी, आणि त्यांच्या दोन पावलं मागे आमचे काकाजी. बाई थांबल्या की हे थांबत. बाई एका ओट्यावर टेकल्या. काकाजींनी वरच्या छोट्या खिशातून काहीतरी काढलं आणि उजव्या खिशात टाकलं.

“काय गा,” बाई त्यांच्यावर करवादल्या, “एवढा धडधाकट मानूस तू. पिशवीले हात लावला तं झिजशीन का?”

“लावला असता माय. पन मंग तू भरभर चालशीन, अन् माही मोजनी बिघडन.”

“तुही मोजनी गेली खड्ड्यात. मले घाम फुटून राह्यला.”

“तेच तं मोजून राह्यलो.”

स्टॉप आल्यावर मात्र त्यांनी पिशवी घेतली, बस येईपर्यंत धरून ठेवली, बाईंना हात देऊन वर चढवलं आणि मग पिशवी आत दिली. बाई खिडकीतून म्हणाल्या, “बावा पागल हाय, पन चांगला हाय.” फोन करणारे गृहस्थही तिथे आले होते. त्यांना मी हात जोडले आणि काकाजींना बाजूला घेतलं.

त्यांनी उजवा खिसा तळहातावर रिकामा केला. नऊ चिंचोके आणि दोन सरक्या. सरकी म्हणजे कापसाचं बी, अकोटला जिनिंगमध्ये काम करणाऱ्या भाच्याकडून मूठभर आणलेली. चिंचोका म्हणजे शंभर पावलं. सरकी म्हणजे एक बसणं. चालताना माणसाला दम खायला जितक्या वेळा टेकावं लागतं, तितक्या सरक्या.

“तुम्ही स्वतः चालून पावलं मोजा ना,” मी म्हटलं. “बायकांच्या मागे कशाला?”

“माह्या पायानं मोजून काय फायदा? मी तं साखळीवाला. मले बस नसली तरी चालते. ज्याले बस पायजे, त्याच्या पायानं मोजा लागते.”

आज मी हे वाक्य सहज लिहिते आहे. त्या दिवशी मी घड्याळ पाहिलं होतं.

कारण बाकीचे दिवसाला बारा-बारा फॉर्म आणायचे आणि काकाजी चार. माझ्या तक्त्यात त्यांच्या नावापुढे रोज लाल खूण. शिवाय प्रत्येक फॉर्मच्या उजव्या कडेला त्यांनी पेन्सिलने पट्टी लावून एक रकाना आखलेला असायचा. वर लिहिलेलं : ‘बसणे’. खाली आकडा. एक, दोन, काही ठिकाणी शून्य.

“हा रकाना छापलेला नाही, काकाजी.”

“म्हनून तं पेन्सिलीनं काढला.”

मी रागवायचं ठरवलं होतं, पण जमलं नाही. त्यांच्या रेघा माझ्या छापील रेघांपेक्षा सरळ होत्या.

शेवटच्या आठवड्यात ते म्हणाले, “मॅडम, आज माह्यासंग या. एक वस्ती हाय, तुमच्या गोलात. चालून पाहू.” मी गेले. उरलेल्या कामांच्या यादीत ‘प्रत्यक्ष पाहणी, एक ठिकाण’ असं होतंच.

वस्ती रेल्वेच्या रुळांपलीकडे होती. पत्र्याची आणि विटांची साठ-सत्तर घरं, मध्ये पाण्याची टाकी. टाकीपाशी उभं राहिलं की रुळांच्या शहराकडच्या अंगाने, जरा उंचावरून जाणारा मोठा रस्ता दिसायचा आणि त्यावरचा बसचा स्टॉपही. नकाशावर अंतर चारशे मीटरसुद्धा नव्हतं. पण मध्ये रूळ आणि रुळांच्या कडेने उंच भिंत. स्टॉपवर जायचं तर भिंतीच्या कडेने लांब पुलापर्यंत जायचं, पुलाखालून पलीकडे निघायचं आणि तितकंच परत यायचं.

टाकीपाशी एक बाई वाट पाहत होत्या. साठीच्या पुढच्या, स्थूल, एका पायाला पट्टी. साखरेच्या आजारात पायाची जखम भरत नव्हती आणि आठवड्यातून दोनदा दवाखान्यात पट्टी बदलायला जावं लागे. त्या पुढे, काकाजी दोन पावलं मागे, मी त्यांच्या मागे. ऊन होतं. पहिल्यांदा त्या लिंबाखाली बसल्या. दुसऱ्यांदा बसायला काही नव्हतं म्हणून भिंतीला पाठ टेकून मातीत बसल्या. तिसऱ्यांदा पुलाच्या अलीकडे. चौथ्यांदा पुलाखालून निघाल्यावर. मी दर वेळी उभी राहिले आणि घड्याळ पाहिलं. स्टॉपवर पोचलो तेव्हा काकाजींनी खिसा रिकामा केला : एकवीस चिंचोके, चार सरक्या.

“आता लेहा,” ते म्हणाले. “सोय हाय का नाही?”

मी लिहिणारही होते. तेवढ्यात त्या बाई पदराने तोंड पुसत त्यांना म्हणाल्या, “झालं ना तुमचं मोजनं? घराची किल्ली कोनापाशी देल्ली?”

मी दोघांकडे पाहिलं.

“ही आमच्या घरची,” काकाजी म्हणाले.

आता माझी नियमांची यादी. एकूण नऊ नियम, सहावा असा : कोणीही स्वतःच्या वस्तीचं सर्वेक्षण करायचं नाही. कारण उघड आहे. आपल्या दारी बस यावी असं प्रत्येकाला वाटतं आणि आकडे आपोआप फुगतात. मी ही वस्ती दुसऱ्याला दिली होती. काकाजींनी मला न सांगता त्याच्याशी अदलाबदल केली होती. नियमांखाली त्यांची सही होती.

“काहून केलं असं, काकाजी?” घाईत माझ्याही तोंडून आमची बोली निघाली.

“दुसऱ्यानं तुमचं गोल पाहून लेहून देल्लं असतं. अन् मॅडम, मी कुठी मोजलं? तिनं मोजलं. मी तं मांगं होतो.”

काकू स्टॉपच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांना काय झालं ते कळलं नव्हतं. त्यांनी मला पिशवीतून पाण्याची बाटली काढून दिली. मी पाणी प्यायले.

त्या संध्याकाळी गाडीत बसून मी निर्णय घेतला. मला वाटलं होतं, मी निःपक्षपाती वागते आहे. त्या वस्तीचे काकाजींचे फॉर्म बाजूला काढले. दुसऱ्या माणसाला पाठवून पुन्हा मोजणी करायला हवी होती, तसं वहीत लिहिलंही, पण अहवाल द्यायला तीन दिवस उरले होते. मग नकाशा पाहिला. वस्ती वर्तुळात होती. यादीत तिच्यापुढे लिहिलं : ‘सोय आहे.’ ‘पुन्हा मोजणी’ या ओळीवर रेघ मारली. आणि ‘बसणे’ हा रकाना तेरा जणांच्या फॉर्ममध्ये नव्हताच, म्हणून एकाचा धरता येईना. तो सगळाच गाळला.

शेवटच्या दिवशी सामान परत घेणं होतं. ओळखपत्र, पिशवी, फॉर्म लिहायची पाटी. एकेकाचं नाव घ्यायचं, वस्तू घ्यायच्या, खूण करायची. काकाजी सगळ्यांत शेवटी आले.

“मॅडम, सरक्या कुठी लेहल्या?”

“लिहिल्या नाहीत, काकाजी. सगळ्यांच्या फॉर्मात तो रकाना नव्हता.”

“बाकीच्यायले सांगाचं असतं, बसलेलं बी मोजा म्हनून. त्यायले काय जड होतं?” आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

“अन् आमची वस्ती?”

“वर्तुळात आहे.”

“हो का,” ते म्हणाले. पहिल्या दिवशी म्हणाले होते तसंच. मग ओळखपत्र ठेवलं, पिशवी ठेवली, पाटी ठेवली, आणि शेवटी वरच्या खिशातून अर्धी झालेली पेन्सिल काढून तीही ठेवली. पेन्सिल माझ्या यादीत नव्हती. राहू द्या म्हणायला मी मान वर केली, तोवर ते दाराबाहेर गेले होते. मला गाडी गाठायची होती.

बस सुरू झाल्या. मोठ्या रस्त्याने, ठरलेल्या मार्गाने, वेळेवर. एका बैठकीत आमच्या यादीचं कौतुकही झालं. मी त्या बैठकीचं कात्रण फाइलला लावलं.

दोन वर्षांनी अकोल्यात पुन्हा एक काम निघालं. या वेळी फॉर्म मीच तयार करणार होते. माणसांच्या यादीत पहिलं नाव काकाजींचं लिहिलं आणि फॉर्मच्या उजव्या कडेला एक रकाना छापून घेतला. म्हटलं, हा कागद आधी त्यांना दाखवू. मनातल्या मनात मी त्यांचं उत्तरही तयार केलं होतं. फोन लागला नाही, म्हणून स्वतः गेले. मोठ्या रस्त्यावर बसने उतरले आणि पुलाकडे चालू लागले.

पुलाखालून निघण्याआधीच रस्त्याच्या कडेला एक सपाट दगड दिसला, चुन्याने रंगवलेला. मला वाटलं, कुणाच्या तरी हद्दीचा असेल. पुलाखालून पलीकडे निघाल्यावर दुसरा दिसला. भिंतीच्या कडेने, जिथे पूर्वी नुसती माती होती, तिथे तिसरा. चौथा लिंबाखाली. तिथवर आले तेव्हा मी चालणं हळू केलं होतं.

घर विचारावं लागलं नाही. काकू दारातच चपलेत पाय घालत होत्या, चप्पल पुन्हा पुन्हा निसटत होती. मला ओळखायला त्यांना वेळ लागला नाही.

“मोजनीवाल्या मॅडम ना? या. ते तं नाहीत आता. मांगच्या उन्हाळ्यात गेले.”

मी बसले. त्यांनी पाणी दिलं. मग एकेक सांगत गेल्या, शेजारणीबद्दल सांगावं तसं. बस आत आली नाही तेव्हा त्यांनी कुठल्याशा पडक्या पुलाचे दगड हातगाडीवर घालून आणले आणि जिथं जिथं काकू टेकत होत्या तिथं तिथं एकेक ठेवला. चुना लावला. खरे हद्दीचे दगड वाटावेत असे ओळंब्यात बसवले. मग रोज सकाळी बसच्या वेळी ते टाकीपाशी उभे राहायचे. वस्तीतल्या ज्या म्हातारीला जायचं असेल तिची पिशवी घ्यायची, स्टॉपवर पोचवायची, परत यायचं, दुसरीची घ्यायची.

“मी म्हनो, आता काहून पिशव्या उचलता? तं म्हनत, आता मोजनी कुठी हाय? आता धरता येते.”

“आणि तुमची पट्टी, काकू?”

“ते होते तवर दोनदा जानं व्हाये. मंग एकदाच. मंग कधी होये, कधी नाही.” त्यांनी चपलेकडे बोट दाखवलं. “दोन बोटं काढली. म्हनून हे सटकते.”

पर्समध्ये नवा छापलेला फॉर्म होता, तो मी बाहेर काढला नाही. नंतर अमरावतीला परतल्यावर मी रीतसर पत्र लिहिलं : त्या यादीत एका वस्तीपुढे चूक झाली आहे, चूक माझी आहे, दुरुस्ती व्हावी. पत्राची पोच मिळाली आहे. ती फाइलला आहे.

काकू त्या दिवशी दवाखान्यात निघाल्या होत्या. पुढच्या महिन्यात लेक त्यांना परतवाड्याला घेऊन जाणार होती, कायमची. मी म्हटलं, मी येते तुमच्यासोबत स्टॉपपर्यंत. कुलूप लावून त्यांनी पिशवी उचलली. मी हात पुढे केला.

“राहू द्या मॅडम. तुमची मोजनी बिघडन.”

“आज मोजणी नाही, काकू.”

“मंग धरा,” त्या म्हणाल्या आणि पिशवी लगेच माझ्या हातात दिली. जड होती. पाण्याची बाटली, डबा, दवाखान्याची जाड फाइल.

लिंबाखालच्या दगडावर त्या बसल्या, उठल्या. मी उभी राहिले. भिंतीच्या कडेच्या दगडावर बसल्या तेव्हा पलीकडून हॉर्न वाजला. भिंतीच्या वर बसचं निळं टप दिसलं, स्टॉपपाशी थांबलं, दोन-तीन माणसं चढली असतील इतका वेळ राहिलं आणि पुढे सरकू लागलं. काकूंनी उठायची घाई केली नाही. त्या थोड्या बाजूला सरकल्या आणि दगडावर हाताने जागा पुसली.

“बसा. दुसरी येते पाऊन तासानं.”

मी बसले. तिथून स्टॉपचं पत्र्याचं छप्पर समोर दिसत होतं. हाक मारली असती तर ड्रायव्हरला ऐकू गेली असती, इतकं जवळ.